वकीलसाहेबांनी मागितलेला कायदा

ॲडव्होकेट विनायकराव बिदरकर मला भेटले नसते, तर आज मी भालकीच्या एखाद्या अडत दुकानात तुरीची पोती शिवत बसलो असतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. साहेबांनी मला राजधानीत, हिमायतनगरच्या आपल्या घरात मागची खोली दिली, कायद्याचं शिक्षण पुरं करायला लावलं, काळा कोटही त्यांनीच शिवून दिला. महिन्यापूर्वी, एका शुक्रवारी, भालकीच्या कोर्टासमोरच्या एसटीडी बूथवाल्याने मला हाक मारली. पलीकडून त्यांची मुलगी वासंतीताई एवढंच म्हणाली, "बालाजी, बाबा गेले रे..."

साहेबांच्या पत्नीला, काकूंना, कर्करोग झाला तेव्हा मी त्यांच्याकडेच राहत होतो. शहरात नवी खासगी इस्पितळं उभी राहत होती, परदेशी औषधं येऊ लागली होती. पण केमोनंतरची काकूंची उलटी कशानेच थांबेना. पाण्याचा घोटही टिकत नसे. एकदा साहेबांचे जुने मुन्शी करीमभाई मलकपेठहून भेटायला आले. काकूंना पाहून बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "साब, मेरी अम्मी को हकीमसाब गांजे की गोली दिए थे. बहोत आराम मिला. लाऊँ क्या?" उभ्या हयातीत कायद्याची रेघ न ओलांडलेल्या साहेबांनी नुसती होकाराची मान हलवली. गोळी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी काकूंनी वरणभात मागून घेतला, वर कुरकुरल्याही, "मीठ कमी आहे गं वासंती." साहेब स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुढे काही आठवडे काकू जेवल्या, बोलल्या... आणि मग गेल्या.

तेराव्यानंतर साहेबांनी मला विधेयकाचा मसुदा टाइप करायला टाइपरायटरसमोर बसवलं. औषधापुरत्या गांजाला परवानगी देणं केंद्राच्या कायद्याने राज्यावर सोडलं आहे. तेव्हा राज्याने कायदा करावा, डॉक्टरच्या चिठ्ठीवर रुग्णाला ते उघडपणे मिळावं, एवढंच त्या मसुद्यात होतं. "बायकोच्या दुखण्यात मला चोरासारखं वागावं लागलं. दुसऱ्यावर ही पाळी नको," ते म्हणत. आम्ही आमदारांचे उंबरे झिजवले. दिवस दारूबंदीचे. एकजण हसून म्हणाले, "वकीलसाब, हम दारू बंद करके परेशान हैं, आप गांजा खोलने आए? लोगां हौला, पागल बोलते आपको."

"बोलने दो," साहेब म्हणाले. "पेशंट लोगां तो बोल भी नहीं सकते, उलटी करते पड़े रहते."

अखेर एक आमदार विधेयक मांडायला तयार झाले. आधी माझ्या सहकारी आमदारांना ते पटवून द्या म्हणाले. त्या आमदारांच्या बैठकीत जाताना त्यांनी साहेबांना बजावलं, "घर की बात नक्को बोलो. 'एक पेशंट थी' बोलो. नहीं तो आपकी वकालत की सनद जाती." साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "ती कुणी एक पेशंट नव्हती. माझी बायको होती. गोळी मी दिली."  मग मागून एकाने विचारलं, "उद्या तुम्हीच आजारी पडलात, तर पुन्हा आणाल?"

"नाही. कायदा मागायला आलोय. तो होईपर्यंत आता मोडणार नाही, हा माझा शब्द."

विधेयक मांडलंच गेलं नाही. सनद राहिली, पण पक्षकार कमी झाले. कोर्टाच्या आवारात पाठीमागून 'गांजावाले वकील' ऐकू यायचं. साहेब मागे वळून नमस्कार करत.

गेल्या वर्षी त्यांनाच पोटाचा कर्करोग निघाला. तोवर मी भालकीला वकिली सुरू केली होती. अन्न टिकेना, हाडं दिसायला लागली. ताईचा फोन आला, "करीमभाई गोळी घेऊन आले होते. बाबांनी हात जोडून परत पाठवलं. म्हणतात, शब्द दिलाय." त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. ते गुरुवारी पोचलं, ताईने वाचून दाखवलं. साहेब हसले म्हणे, आणि म्हणाले, "मसुदा चांगला आहे पोराचा." दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. पत्र असं होतं...

"ती. साहेबांस शिरसाष्टांग नमस्कार. शब्द मोडा, असं तुम्हाला सांगण्याची माझी लायकी नाही. पण शब्द तुम्ही दिलात, मी नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. गोळी मी आणीन, मीच भरवीन, आणि कुणी विचारलं तर माझं नाव पूर्ण पत्त्यासह सांगा. माझी सनद तुमच्यामुळे आहे. ती जायचीच असेल, तर याहून चांगल्या कामी जाणार नाही. तुम्ही काही करू नका. फक्त तोंड उघडा.

तुमचा,
बालाजी"