वशिंड

रसूलचाचांना कुणी रामराम घातला की त्यांचा हात आधी समोरच्याच्या पाठीवर जायचा, दोन खांद्यांच्या मधोमध. सारी हयात बैल पारखण्यात गेलेली. माणसाचंही वशिंड चाचपून बघायचे. एकदा तहसीलदारांच्या पाठीवरून हात फिरवला, तर आपलीच विक्री चाललीय असं समजून साहेबांनी वय बघायला दातही दाखवले. पटत नसेल तर जळकोटात कुणालाही विचारा. सगळे माझ्याइतकंच खरं बोलतात.

गावाचा वळू चाचांकडं होता. सुलतान. तो जळकोटात डुरकला की पार लोहारा गावातल्या गाई दावी तोडायच्या. वशिंड एवढं, की त्याच्या सावलीत दोन म्हाताऱ्या वाती वळत बसायच्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दूध सोसायटी आली, आणि तिच्यामागून वाफा सोडणारी टाकी घेऊन गुरांचे डॉक्टर. टाकीत विलायती वळूचं गोठवलेलं वीर्य. ते नळीनं गाईला द्यायचं, होणारी कालवड पुढं बादल्या भरणार. अट एकच: गावठी वळू खच्ची करायचा, नाहीतर संकर बिघडतो.

"दूध लई येईल, व्हय," चाचा म्हणाले. "पन गोऱ्ह्याला वशिंड न्हाय आलं, तर जू कुठं ठिवनार?"

"चाचा, आता ट्रॅक्टर येतोय," सरपंच म्हणाले. "तुम्ही जू काय घेऊन बसलात?"

गाव हसलं. खच्ची करायला सुलतानला आडवा पाडला तेव्हा कासरा चाचांनीच धरला. परक्याला त्यानं जवळ येऊ दिलं नसतं. चिमटा दाबला, तरी तो डुरकला नाही. मला वाढवून सांगायची खोड आहे, पण हे तसंच्या तसं: त्यानंतर चाचांचा हात कुणाच्या पाठीवर गेला नाही.

दूध आलं. इतकं, की मांजरं सायीला नाक मुरडू लागली. गोऱ्हेही आले, फळीसारख्या पाठीचे; जू ठेवलं की घसरून मागं. मग पाऊस पुन्हा गेला. संकरित गाई सावलीतसुद्धा जिभा काढून धापा टाकायच्या. बसली ती उठायची नाही. ट्रॅक्टर काही आला नव्हता, आणि पंचक्रोशीत वळू म्हणून शोधावं तर जिकडंतिकडं टाकीच.

शेवटी सगळे चाचांच्या अंगणात जमलो. म्हातारा सुलतान दावणीला रवंथ करत होता.

"चाचा," सरपंच हळूच म्हणाले, "त्याच्या रक्ताचा एखादा खोंड कुठं तरी राहिला असेल की."

चाचा उठले. इतक्या वर्षांनी त्यांचा हात आधी सरपंचांच्या पाठीवर गेला, मग माझ्या, मग एकेकाच्या. दोन खांद्यांच्या मधोमध रेंगाळायचा.

"न्हाय बाबा," ते म्हणाले. "इथं बी हाताला काय लागंना."

या खेपेला दात कुणी दाखवले नाहीत.