गुरांच्या डॉक्टरांनी दिलेला चारित्र्याचा दाखला

ऐंशीच्या दशकात विद्यापीठाचा नियम असा होता की, उमेदवाराचे चारित्र्य त्याला तीन वर्षे ओळखणाऱ्या राजपत्रित अधिकाऱ्याने प्रमाणित करावे. त्याला शिकवणाऱ्या गुरुजींचा शब्द त्यासाठी पुरेसा नव्हता. या अटीविरुद्ध मी कुलसचिवांना चार पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तहसीलदार दौऱ्यावर निघाले, म्हणून माझ्या मुलीला घेऊन मी सौंसरच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टर राजपत्रित होते.

त्यांनी बैलाच्या तोंडातून हात काढला, कोपरापर्यंत साबणाने धुतला आणि मी लिहून आणलेला दाखला दोन बोटांत धरून शेवटपर्यंत वाचला. सरकारी माणसाला कागद वाचताना मी प्रथमच पाहत होतो.

"काकाजी, पोरीले तर मी आजच पाहून राहिलो. तीन सालापासून ओळखतो ते तुमच्या गायीले."

"डॉक्टरसाहेब, नागपूरची बस सुटेल. सगळेच अशी सही करतात."

"अन् नियमासाठी साऱ्या गावाशी तुम्हीच भांडता न?"

मुलगी हसली.

त्यांनी दुसऱ्या कागदावर सावकाश लिहिले: 'उमेदवाराच्या घरची गाय मी तीन वर्षे ओळखतो. तिची निगा उत्तम आहे. त्यावरून घर सज्जन दिसते.' खाली सही, शिक्का.

नागपूरला विद्यापीठाच्या खिडकीतील बाबूने केवळ शिक्का पाहिला आणि अर्ज स्वीकारला. मुलीला प्रवेश मिळाला.

विद्यापीठ दाखले वाचत नाही, अशी तक्रार करणारे पाचवे पत्र मी त्याच आठवड्यात लिहिले. ते अजून माझ्या कपाटात आहे.