आधी नाव, मग काम

माझा आवाज चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि शेवटच्या बाकावर लपून चिंच खाणाऱ्या मुलीलासुद्धा कर्कवृत्त कुठून जातं ते ऐकू जायचं. त्यामुळे मुलाने दिवाळीत बंगळुरूहून आणलेली ती बोलणारी गोल डबी पहिल्याच दिवशी मला "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई" म्हणाली, तेव्हा मला चांगलाच राग आला. समजलं नव्हतं तिला, पण सांगण्याची ढब अशी होती की चूक जणू माझीच.

मुलाने ती डबी हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली, हॉलचा दिवा आणि पंखा तिच्याशी जोडून दिला, आणि आम्हां दोघांना समोर बसवून धडा दिला. तिला मराठी येत नाही, हिंदीत बोलायचं. आधी तिचं नाव घ्यायचं, निळा दिवा लागला की थोडक्यात काम सांगायचं. "आई, एकदम सिंपल आहे. आधी नाव, मग काम," असं दोनदा सांगून तो चार दिवसांनी परत गेला. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते घेतलं की ती जागी होते, आणि आता मला कागदावरसुद्धा धीर होत नाही.

सिंपल असेल, पण आमच्या घराला ते जड गेलं. त्याला कारण आहे. माझ्या सासरची माणसं संस्थानी काळात दफ्तरात नोकरीला होती. दरबारात थेट काही मागायची रीत नव्हती. फक्त परिस्थिती निवेदन करायची, आणि वरच्यांनी ती ओळखून काय ते करायचं. दरबार गेला, पण इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या घरात रीत तेवढी राहिली. सासूबाईंना चहा हवा असला की त्या "चार वाजले वाटतं" म्हणायच्या. नवी होते तेव्हा मी घड्याळ बघून "हो, वाजले" म्हणायचे, आणि त्या दिवशी जेवताना घरात कोणी माझ्याशी बोलायचं नाही. पुढे मीही शिकले. शाळेत चाळीस मुलींवर हुकूम सोडायचे आणि घरी येऊन परिस्थिती निवेदन करायचे. आमच्याकडे पंखा "लावा" म्हणून कधी लागला नाही. "बाई गं, किती उकडतंय" म्हटलं की लागायचा. लावायचे हे, म्हणजे माझे यजमान. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, तोंडाने तिखट आणि मनाने हळवा माणूस.

डबी मात्र परिस्थिती ऐकून घ्यायची आणि तिच्यात भर घालायची. चैत्रातल्या एका दुपारी मी तिचं नाव घेऊन "बहुत गर्मी हो रही है" म्हटलं, तर तिने इंदूरचं तापमान सांगितलं. ते मला माहीत होतं, म्हणूनच तर बोलत होते. संध्याकाळी "अंधेरा हो गया" म्हटलं, तर तिने सूर्यास्ताची वेळ सांगितली, आणि ती मी अंधारात बसून ऐकली. एकदा तिला भजन लावायला सांगायचं होतं. कोणाला एकदम काम कसं सांगायचं, म्हणून मी आधी म्हटलं, देखो, जल्दी नहीं है, तुम्हें फुरसत हो तो, मतलब जम गया तो ठीक, नहीं तो रहने दो. एवढ्यात निळा दिवा विझला. "रहने दो" तेवढं तिला बरोबर समजलं होतं.

ह्यांची तऱ्हा आणखी वेगळी. बाईमाणसाला नुसत्या नावाने हाक मारणं ह्यांच्या जिवावर यायचं, आणि इंदुरात हाक मारायची तर एकच शब्द, भिया, म्हणजे भाऊ. रोज सकाळी हे तिच्यासमोर उभे राहून "भिया, जरा समाचार लगाना" म्हणायचे आणि हात मागे बांधून वाट बघायचे. ती बाई आहे हो, आवाजावरून कळत नाही का, असं मी विचारलं तर म्हणे भिया सगळ्यांना चालतं. तिला काही चाललं नाही. शेवटी वैतागून हे म्हणाले, "ही मशीन एकदम बेकार आहे. कितनी बार बोललं मी हिला." मी आत जाऊन तिचं नाव घेतलं आणि बातम्या लावून दिल्या. घरात एक काम वाढलं.

पण मला डबीपेक्षा मोठा घोर दुसराच लागला होता. ह्यांना दिसत नव्हतं. अगदी दिसत नव्हतं असं नाही, पण धूसर झालं होतं, आणि हे ते कबूल करायला तयार नव्हते. वर्तमानपत्र उघडायचे, पान उलटायचे, आणि आतल्या बातमीबद्दल काही विचारलं की आजकाल छापण्यासारखं काही नसतंच म्हणायचे. समोर भिंतीवर थाळीएवढं घड्याळ असताना डबीला "टाइम क्या हो रिया है" विचारायचे. बातम्या कशासाठी लागायच्या, तेही माझ्या हळूहळू लक्षात आलं. आणि असा हा माणूस दर बुधवारी मला मागे बसवून स्कूटरवर खजराना गणपतीला न्यायचा. छत्रीबागेपासून खजराना म्हणजे अख्खं शहर ओलांडून.

मी मागे बसून काय काय पाहिलं ते मलाच माहीत. नसलेल्या गतिरोधकापाशी गाडी हळू व्हायची आणि असलेल्यावरून उडायची. चौकात एका अनोळखी गृहस्थांना ह्यांनी मोठ्या प्रेमाने हात केला, तेही बिचारे गोंधळून हात हलवत राहिले. देवळाच्या स्टँडवर हे दहा मिनिटं दुसऱ्याच कोणाच्या स्कूटरला किल्ली लावत बसले आणि किल्ली झिजली म्हणून चिडले. आमची गाडी पलीकडे उभी होती. फाल्गुनात एकदा दुभाजकाला इतक्या जवळून गेले की माझा गुडघा सोलवटून निघाला. घरी येऊन मी हळद लावत बसले. हे विचारत होते, कुठे आपटलीस.

तरीही मी सरळ बोलले नाही. एक तर सवय नव्हती. दुसरं म्हणजे नोकरी गेली, मुलगा लांब गेला, आता पुढे बसायची एवढी एकच जागा ह्यांच्याकडे उरली होती, ती मी कशी काढून घेणार. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. विचारलं आणि हे हो म्हणाले, तर पुढे काय?

म्हणून मी परिस्थिती निवेदन करत राहिले. ई-रिक्षा किती वाढल्या आहेत बाई, आता तर गल्लीतून मिळतात. गणपतीला मनाने नमस्कार केला तरी पोचतो. हे दर वेळी हं म्हणायचे आणि बुधवारी हेल्मेट बाहेर काढायचे. पंख्याचं ज्या माणसाला अर्ध्या शब्दात कळायचं, त्याला हे कळत नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, हे मला ओळखता येत नव्हतं.

मग मी डबीला मध्ये घातलं. हे समोर पेपर धरून बसले असताना तिचं नाव घेतलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, मोतियाबिंद के लक्षण बताओ. पहिल्या खेपेला तिने सायरन वाजवावा तशा आवाजात कुठलं तरी गाणं लावलं. दुसऱ्या खेपेला माफ़ कीजिए झालं. तिसऱ्या खेपेला मात्र ती सुटली. धूसर दिसणं, दिव्याभोवती वलय दिसणं, वारंवार चष्म्याचा नंबर बदलणं, एकेक करून सगळं सांगितलं. पेपर हलला नाही. थोड्या वेळाने पेपरामागून प्रश्न आला, कोणासाठी विचारते आहेस. खरं सांगायला माझी जीभ ऐन वेळी वळेना. म्हटलं, शेजारच्या काकूंसाठी.

ह्यांनी पेपर खाली घेतला. गंभीरपणे म्हणाले की काकूंना सांग, अशा गोष्टी लांबवू नयेत, डोळ्यांच्या बाबतीत निष्काळजीपणा अजिबात बरा नाही. मी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकरला शिट्टी लावली. दुसऱ्या दिवशी हे जिन्यात भेटलेल्या काकूंना डॉक्टरकडे जाऊन या म्हणून स्वतः आग्रह करून आले. काकूंची नजर अशी की समोरच्या गच्चीवर वाळवण राखायला बसलेल्या बाईच्या साडीचे काठ त्या इथून सांगतात. त्या दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होत्या.

एवढ्यात डबीशी मात्र माझं जमलं. झालं असं, की कुकरच्या वेळी तिला गजर लावायला सांगताना ती तीनदा माफ़ कीजिए म्हणाली आणि माझा संयम सुटला. मी एकदम शाळेतल्या आवाजात तिचं नाव घेतलं, क्षणभर थांबले, आणि म्हटलं, "दस मिनट का टाइमर लगाओ." तिने निमूट लावला. दिवा जलाओ, जळला. पंखा बंद करो, झाला. ना जल्दी नहीं है, ना फुरसत हो तो. मला इतकी मजा वाटली की त्या दुपारी मी पंखा उगीचच चार वेळा चालू-बंद केला. चाळीस वर्षांत ह्या घरात मी इतकं स्पष्ट कोणाशी बोलले नव्हते, आणि वाईटही कोणाला वाटलं नव्हतं.

पुढचा बुधवार आला. हे हेल्मेट घालून स्कूटर फाटकाबाहेर काढत होते, मी मागे दूर्वांची पिशवी घेऊन उभी. गल्लीच्या तोंडाशी लाल रंगाची भली मोठी ई-रिक्षा वळली. मला ती दिसली, समोरच्या ओट्यावरच्या मांजराला दिसली. ह्यांनी त्याच बाजूला नीट पाहिलं आणि गाडी पुढे घातली. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. चाक हातभर अंतरावर थांबलं. त्याने मान बाहेर काढून "क्या भिया, दिखता नी क्या" म्हटलं आणि तो कडेने निघून गेला.

हे पुन्हा निघायच्या बेतात होते. मला मागून निवेदन करण्यासारखं काही सुचेना. आणि माझ्या तोंडून ह्यांचं नाव बाहेर पडलं.

लग्नानंतर ते मी उखाण्यात घेतलं होतं, तेही चार ओळींच्या आडून. असं भर गल्लीत, नुसतं, शाळेतल्या आवाजात कधीच नाही. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. ह्यांनी स्कूटरवर बसल्या बसल्या मान वळवली. मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "खाली उतरा. किल्ली द्या. तुम्हाला दिसत नाही. आजपासून गाडी बंद."

मला वाटलं होतं आता हे चिडणार, आरडाओरडा करणार, आठवडाभर बोलणार नाहीत. हे उतरले. स्टँड लावायला दोन वेळा पाय चुकला, तिसऱ्यांदा लागला. किल्ली काढून माझ्या दिशेने धरली, जरा बाजूलाच, मी हात तिथे नेला. हेल्मेट तसंच डोक्यावर होतं. मग गल्लीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "मी हमेशा वाट बघत होतो की तू मला बस म्हणशील. माझ्याच्याने होत नव्हतं."

मी म्हटलं, मग इतके दिवस सांगत होते ते काय होतं.

"ते कळत होतं गं. पण ते टाळता येत होतं." हेल्मेट काढत म्हणाले, "समोरून येणाऱ्याचं तोंड मला दिसतच नाही आता. तू बोललीस की कळतं, तू आहेस. गप्प बसलीस की घरात कुठे आहेस ते पण समजत नाही. मला फार भीती वाटते. तू चल माझ्याबरोबर डॉक्टरकडे."

ह्या माणसाने मला आजवर "चल" म्हटलं नव्हतं. कुठे न्यायचं असलं तर हवा चांगली आहे म्हणायचे. मला रडू आलं, आणि ते ह्यांना दिसणार नाही हे लक्षात आल्यावर जास्तच आलं.

गणपती त्या दिवशी तसाच राहिला. आम्ही रिक्षात बसलो, आणि मी बोलायला लागले. आता डावीकडे मिठाईचं दुकान आलं, आता सिग्नल लागला, पुढच्या गाडीवर दोन बाया आणि एक कोबीचं पोतं आहे, मी तुमचं नाव घेतलं हे काकू आता अख्ख्या गल्लीत सांगणार. जे दिसेल ते सांगत राहिले. हे हेल्मेट मांडीवर घेऊन माझ्या बाजूला तोंड करून बसले होते. मध्ये श्वास घ्यायला जरा थांबले, तर म्हणाले, "बोल ना." दवाखान्याचं दार येईपर्यंत मी थांबले नाही.