सखुबाईने घातलेली सावड

"सखे, मी अजून जित्ती हाय गो! मला काय गिराण लागलंय, म्हनून लोकांची जुनेरं धाडलीस?"

"अगो बाय, धुतलेली हायत, इस्तरी केलेली..."

"तुझ्या डोक्यावर फिरव इस्तरी! गठडं होतं तसं एसटीवर चढवलंय. ठाण्याच्या खोपट डेपोत उतरवून घे."

फोन कट. टिटवाळा स्टेशनाबाहेर घावण्यांच्या गाडीमागे सखुबाई हातात उलथणं धरून तशीच उभी राहिली. बोलली ती तिची थोरली जाऊ, गंगुबाई. श्रीवर्धनकडच्या गावातल्या घरात एकटी. जेठात वादळ आलं, वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या आणि गंगुबाईच्या घरावर एक कौल धड राहिलं नाही. आता सर आली की म्हातारी गोठ्यात, म्हशीशेजारी गोणपाट ओढून निजायची. हे ऐकलं आणि सखुबाईनं काय करावं, तर बिल्डिंगीतल्या बायकांकडून जुन्या साड्या मागून धाडल्या. इतकी वर्षं शहराचं पाणी प्यायली. गिराण, म्हणजे ग्रहण, सुटलं की 'दे दान' ओरडत दारात येणाऱ्याला जुनेर घालतात, घरच्या माणसाला नाही, हेच विसरली.

साड्या जाऊ देत चुलीत. छपराचं काय? सखुबाईचा मुलगा सर्वेश घोडबंदर रोडला एसी बसवायच्या कामावर. तो म्हणाला, "आई, मी आन कामावरची पोरं जातो, पत्रे ठोकून येतो. काकीला विचारायचं कशाला?"

"अरे, कोयता घेऊन उभी राहील ती दारात. फुकटचं घ्यायची नाय."

फुकटचं त्या वाडीत कोणीच घेत नसे. तिथं सावड चाले. आज आम्ही तुझ्या घरावर राबतो, उद्या तू आमच्या. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर अख्खी वाडी एकेक घर शाकारायची. गडी वर, बायका खाली रांगेत. कौल हातोहात खाली यायचं, शेवाळ खरवडलं की हातोहात वर जायचं. मध्येच कोणी दम खाल्ला की शिव्या. दुपारी वालाचं बिरडं आणि भाकरी. सखुबाई तेव्हा नवी नवरी, तिच्या हातून कौल निसटलं ते नेमकं थोरल्या दिराच्या पायावर. दीर डोळे वटारून वळला, तशी बाजूची गंगुबाईच कडाडली, "माझ्या हातातनं पडलं! तुमी पाय कशाला घालताव मधी?" सख्ख्या नवऱ्याला! रांग फिदीफिदी हसली. संध्याकाळी दोघी जावा ओट्यावर बसल्या, एकाच डबीतली मशेरी लावत, वरचं लालभडक छप्पर बघत. तसं छप्पर सखुबाईला पुन्हा मिळालं नाही. इथं डोक्यावर असतो तो वरच्या मजल्यावाल्याचा संडास.

ढग टिटवाळ्यावर काळे झाले तसे तिकडेही झाले असणार. तिनं फोन लावला.

"बाय, ठेवू नकोस. सून माझी, विनिता. सातवा सरला तिला. पोराला न्हाऊ-माखू कोण घालनार? घावणे घालून माझी मनगटं गेली कामातनं. इथली बाई ठेवली तर ती मोबाइल बघत पोर चोळते."

"मग?"

"मग काय मग! सावड घालूया. माझी पोरं तुझं घर शाकारतील, तू सव्वा महिना येऊन बाळंतीण सांभाळ."

पलीकडं म्हैस तेवढी रेकली.

"पोर चोळताना मी कुनाचं ऐकायची नाय."

"नको ऐकू."

"आन पत्रं नकोत. पावसात रात्रभर बडबडतात मेले. कौलंच."

"कौलंच."

"आन पोरांना डबे बांधून देशील तर बघ. सावडीचं जेवन माझ्या घरचं."

"चूल तरी पेटते काय गो तुझी?"

"तू पोरं धाड!"

सखुबाईनं लगेच सर्वेशला गाठलं. "पत्रे नाय, कौलं बघ. ताडपत्री पयली टाका. आन काकी शिव्या देईल, त्या खा."

"मावशी, दोन घावणे. चटणी जरा जास्त," गिऱ्हाईक म्हणालं.

"थांब रे, तवा गार पडलाय."

तिनं गॅस मोठा केला, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला आणि पीठ पसरलं.