मागे फिरवलेली सायकल

सगळं आयुष्य मी सायकलच्या शर्यतीत घालवलं, असं लोक कौतुकानं सांगतात. मला ते ऐकूनच दमायला होतं. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीतल्या शर्यतीत पहिला आलो, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. मग राहात्याची शर्यत, मग जिल्हाभर हिंडवणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यती. बक्षीस म्हणून बहुतेक वेळा स्टीलचा डबा मिळायचा. आमच्या घरात दाणे कमी आणि डबे जास्त होते.

पोट भरायचं साखर कारखान्यावर, तेही हंगामी. ऊस गाळायला सुरुवात झाली की बोलावणं यायचं, कारखाना बंद झाला की घरी बसायचं. नव्वदच्या दशकात, मी चाळिशीला टेकलो असताना, चेअरमनसाहेबांनी कामगारांची एक शर्यत जाहीर केली. बेलापूरहून पहाटे निघायचं, नगरवरून काष्टी गाठायची आणि त्याच दिवशी परत यायचं. पहिला येईल त्याला कायम करू, असं त्यांनी भर सभेत सांगितलं.

बायकोला हे सांगितलं. ती परक्याच्या रानात खुरपायला जायची. दुसऱ्या दिवसापासून माझ्या भाकरीबरोबर शेंगदाणे आणि गूळ यायला लागला. तिच्या भाकरीबरोबर नुसतीच मिरची असायची, हे मला दिसत होतं.

काष्टीपर्यंत मी बरा होतो. बाजाराच्या गर्दीतून सायकल काढून मागे वळलो, तेव्हा माझ्यापुढे कोणी नव्हतं. पण नगर येईपर्यंत समोरचा वारा सुटला, पोटऱ्यांत गोळे आले, हँडलवरची बोटं बधिर झाली. राहुरी सोडल्यावर तर मला अक्षरशः रडू येत होतं. मागे दुसऱ्या नंबरचा गडी होता, बॉयलरवर काम करणारा, माझ्या निम्म्या वयाचा. तो अजून ठिपक्याएवढाच दिसत होता.

चढ लागला. तेवढ्यात उसानं भरलेली ट्रॉली बाजूनं निघाली आणि माझ्या उजव्या हातानं तिची साखळी धरली. मी धरली, असं मी म्हणत नाही. वीस वर्षं तशीच साखळी धरून मी कामावर गेलो होतो. चढावर ट्रॉली दिसली आणि धरली नाही, असा सायकलवाला आमच्या भागात शोधून सापडायचा नाही. पाय थांबले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! चढ संपला, कालवा मागे पडला, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला की आपण शर्यतीत आहोत. हात सोडला. ट्रॅक्टरवाल्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

कोणीच पाहिलं नव्हतं. मी पाय टेकून थोडा वेळ उभा राहिलो, स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि सायकल मागे फिरवली. जिथं साखळी धरली होती, तिथून पुन्हा सुरुवात करायची होती.

बॉयलरवाला समोरून आला. "काका, इकडं कुठं? बेलापूर तिकडं हाय!"

"मला ठावं हाय. तू जा."

तो पहिला आला, मी दुसरा. झालेलं सगळं मी चेअरमनसाहेबांना सांगितलं. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणावर लांबलचक भाषण केलं, खांद्यावर शाल घातली आणि त्याला कायम केलं. मुकादम म्हणाला, "दैव देतं आन् कर्म नेतं."

घरी बायको माझ्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. मी तिला सगळं सांगितलं. खरं तर तिनंही शाबासकी द्यावी, असं मला वाटत होतं. तिचा हात थांबला.

"त्योच चढ माघारी येऊन पुन्यांदा चढला ना तुमी?"

"व्हय."

"म्हंजे पायात बळ हुतं. मंग ट्रॉली कशापायी धरली?"

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. बळ होतं. नेट लावला असता तर मी पहिला आलो असतो.

"सवय गं," मी म्हणालो.

"मलाबी झालीया सवय," ती म्हणाली आणि वाटीत उरलेलं तेल बाटलीत परत ओतलं. सकाळी तिला पुन्हा रानात जायचं होतं. मला तिच्याकडे बघवलं नाही.