साडूंच्या चौकटी

सरळ रेघा मारणारा इतका आडवळणी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडला, तर मी मिशा उतरवून देईन. आमचे साडू सुप्याच्या एका कारखान्यात सॉफ्टवेअर करतात. म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर चौकटी काढतात आणि त्या बाणांनी जोडतात. एक चौकट मशीनची, एक गोदामाची. बाण बरोबर लागले की प्रोग्रॅम म्हणे आपोआप तयार होतो. एखादी चौकट सुटी राहिली, की ती लाल होते आणि सगळं अडतं. इथवर ठीक आहे हो, पण हा गृहस्थ घरी आल्यावर तरी थांबेल? छे! मेहुणीने कोथिंबीर आणायला पिटाळलं, तर यांनी आधी पिशवी, भाजीवाली आणि कढई यांच्या चौकटी काढल्या. बाण पुरे होईतो भाजीवाली सावेडीतला गाडा आवरून घरी जाऊन जेवलीसुद्धा. वर आम्हालाच ऐकवतात, "साडूभाऊ, बाण नाही तर संबंध नाही!"

त्यांचे थोरले भाऊ घोडेगावला म्हशी सांभाळतात. ते एकदा भर बाजारात चारचौघांसमोर बोलून गेले, "आमच्या धाकल्याला चित्रं काढायचा पगार मिळतो." झालं! साडूंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं, ते कैक वर्षं. मग लेकीचं लग्न ठरलं आणि तिने बजावलं, "मोठे काका आले नाहीत, तर मी बोहल्यावर चढणार नाही." साडूंनी लग्नाचाही आराखडा मांडलाच. मांडव, आचारी, भटजी, सगळे जोडले गेले. थोरल्यांची चौकट तेवढी लाल. मी निरोप घेऊन जातो म्हटलं, तर लेक म्हणाली, "काका, तुम्ही नाही. बाबांनीच जायचं." मेहुणी वैतागून म्हणाली, "काढून टाका मेली ती चौकट!" यांचं बोट काही पुढे सरेना.

शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घालून घोडेगावला नेलं. थोरले गोठ्यात होते. त्यांना बघताच साडूंनी खिशातून कागद काढला, दोन चौकटी काढल्या, मध्ये लांबलचक बाण ओढला आणि कागद पुढे केला. थोरल्यांनी धोतराला हात पुसून तो निरखला.

"ह्यो मी, आन ह्यो तू व्हय?"

"हो, दादा."

"मंग मधी येवढी जागा कशापायी सोडली?"

एकेका बाणावर तासभर बोलणारे आमचे साडू बाण तसाच सोडून दोन पावलं पुढे सरकले. थोरल्यांनी त्यांना दंडाला धरून घरात नेलं आणि वहिनींना हाक मारली, "अगं ए, धाकला आलाय, च्या टाक!" मला मात्र दोघेही म्हशींपाशीच विसरले. खरं सांगतो, फार बरं वाटलं.