मनोऱ्यावरचा काळा डाग

बाबांचा फोन आला तेव्हा मी शाळेत तास शिकवून फळा पुसत होते. "इनास गेलो गो," एवढंच म्हणाले, आणि मागे दर्या ऐकू येत होता. महिना उलटला, तरी इनासकाका म्हटलं की मला सकाळच्या धुक्यात तरंगणारा चर्चचा मनोरा दिसतो. खाली चर्च नाही, गाव नाही, नुसता मनोरा.

काका त्या मनोऱ्यातली घंटा वाजवायचे. मनोऱ्याला तडे गेले, घंटा उतरवून आवारातल्या फणसाखाली ठेवली, आणि हा बोलका माणूस मुका झाला. "मराच्या आदी एकदा वयर चडान वाजवतलंय," एवढाच ध्यास. दुरुस्तीसाठी निधी हवा होता. काका सरळ किनाऱ्यावर येऊन बाबांच्या होडीपाशी उभे राहिले. आमचं घर हिंदू, पण मागायला त्यांना संकोच नव्हता आणि द्यायला बाबांना. "तुझो मनोरो बघून मी घराक येतंय. मी देवचंय नाय तर कोण देतलो?" बाबा म्हणाले. ठरलं, रोज प्रत्येक होडीतला एक मासा मनोऱ्याचा.

त्या माशांचा लिलाव काका स्वतः पुकारायचे, आणि इतका वाईट लिलाव करणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. "सुरमय बरी आसा, पण कल्ले बघा, कालची आसा!" बायका हसून हसून बेजार व्हायच्या. पण हा माणूस खोटं बोलत नाही म्हणून गिऱ्हाईक त्यांच्याच टोपलीकडे वळे. असे दोन मोसम गेले आणि मनोरा दुरुस्त झाला, चुन्याने दुधासारखा पांढरा.

काकांनी वर चढून घंटा वाजवली तेव्हा मला रडू आवरेना. त्याच दिवशी, चुना लागल्यावरच्या पहिल्याच फेरीत, बाबांची होडी खडकाला घासून, फळी फुटून परतली. "डाग खंय गेलो?" बाबा काठावरूनच ओरडले. वर्षानुवर्षं घंटेच्या खिडकीतून ओघळलेल्या पावसाने दर्याकडच्या भिंतीवर काळा पट्टा उमटला होता. तो पट्टा आणि मागच्या उंच माडाचा शेंडा एका रेषेत आले की खडकांमधली वाट सापडायची. प्रत्येक होडीवाल्याला हे ठाऊक, म्हणूनच कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. चुन्याने तो पट्टाच झाकला. ज्यांच्या माशांवर मनोरा उभा राहिला, त्यांचीच वाट आपण पुसली, हे काकांना सोसवेना.

दुसऱ्या सकाळी ते डांबराचा डबा घेऊन वर चढले आणि खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत पट्टा रंगवला. नव्या भिंतीवर डांबर पाहून फादर कळवळले. काका म्हणाले, "फादर, मनोरो देवाचो. डाग दर्यातल्यांचो." त्यानंतर दर वर्षी पावसाळा सरला की काका वर चढायचे. ते पडतील अशी मला फार भीती वाटायची, आणि त्यांचा फार अभिमानही.

यंदा डबा त्यांच्या खोलीत दाराआड सापडला, काठीला ब्रश बांधून तयार. बाबांचे गुडघे गेलेले, म्हणून मीच चढले. वर वारा होता, खाली होड्या धुक्यातून हळूहळू उमटत होत्या... खिडकीच्या चौकटीवर डांबराची पाच बोटं दिसली, वर्षावर वर्षं, एकावर एक. इथेच धरून ते बाहेर झुकायचे. मी त्यांवर डावा हात ठेवला आणि वाकले.

"वाकडो जाता गो!" आवारातून बाबा ओरडले. मग म्हणाले, "ऱ्हवांदे. तेचो पण वाकडोच होतो."

पट्टा पुरा होईपर्यंत मी तो हात उचलला नाही.